तेवीस इंचांची फळी

योग्य रुंदी ओळखणे ही शहाणपणाची पहिली पायरी आहे. मग ती वाटेची असो, नावेची असो, की माणसाची. हे वाक्य माझे आहे. पेणमधल्या एका मूर्तिशाळेत, डाव्या हातात नारळ धरून, रंगाने माखलेल्या दहा-बारा माणसांसमोर मी ते उच्चारले. त्यांनी ब्रश खाली ठेवून ऐकून घेतले. पुढच्या दोन दिवसांत त्या वाक्याचे काय झाले, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

आधी थोडे फळीविषयी, कारण वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती पाहिली नसेल. लांबलचक फळीवर उभे राहायचे, लांब दांड्याचे वल्हे दोन्ही हातांनी पाण्यात मारायचे आणि पुढे जायचे, असा हा खेळ. शर्यतीची फळी चौदा फूट लांब असते. लांबीबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो रुंदीबद्दल. फळी अरुंद असेल तर पाणी कमी अडते आणि वेग वाढतो. रुंद असेल तर माणूस तिच्यावर उभा राहतो. या दोन वाक्यांत निवडीचे सगळे शास्त्र येते. मी मात्र त्यावर सहा महिने वाचन केले.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. निवृत्तीनंतर पहिल्याच हिवाळ्यात कोलाडला कुंडलिकेकाठच्या एका कॅम्पवर चार दिवस राहिलो. तिथे स्वयंपाक करणारी जयश्री दुपारची भांडी झाली की पाहुण्यांना पाण्यावर नेई. हे तिचे काम नव्हते, आवड होती. एकोणसाठाव्या वर्षी मी पाण्यावर उभा राहिलो तो तिच्यामुळे. फळी कॅम्पचीच होती, जुनी, अठ्ठावीस इंच रुंद, कडेचा रंग उडालेली. जयश्री म्हणाली होती, "गुडघे सैल सोडा, काका. पान्याशी भांडू नका." मी भांडलो नाही, आणि उभा राहिलो.

घरी परतल्यावर मी वाचणाऱ्या माणसासारखा वागलो, म्हणजे जे जमत होते त्याविषयी वाचायला घेतले. अठ्ठावीस इंच म्हणजे शिकाऊ, असे कळले. जिंकणारे लोक तेवीसवर उभे असतात, असेही कळले. फळी विकणाऱ्याने माझे वजन विचारले. मी जे सांगितले ते कधीकाळी खरे होते. तेवीस इंचांची काळी फळी घरी आली, आणि पानशेतच्या पाण्यात पहिल्याच सकाळी मी तिच्यावरून अकरा वेळा पडलो. पुढच्या आठवड्यात मोजणे सोडले. शेवटी असा निष्कर्ष काढला, की फळी उत्तम आहे, तिला माणूस योग्य मिळालेला नाही.

फेब्रुवारीत जयश्रीचा फोन आला. रोह्याला नदीत शर्यत होती. बायकांच्या गटात पहिल्या तिघींत आली, तर पुढच्या मोसमापासून कॅम्पचा मालक तिला चुलीवरून काढून पाण्यावर घेणार होता, शिकवायला. शर्यतीचा कागद असला की गिऱ्हाईक विश्वास ठेवते, असे त्याचे म्हणणे. जयश्री सहा वर्षे त्या स्वयंपाकघरात होती. फोनवर म्हणाली, "चुलीपुढून नदी दिसते ना काका, म्हनून जास्त वाईट वाटतं." आणि मग, पन्नाशीपुढच्या पुरुषांचाही एक गट आहे, तुम्ही या.

मला लगेच समजले, की त्या काळ्या फळीला माणूस मिळाला.

पेण, शुक्रवार

चौदा फुटांची वस्तू पांढऱ्या कापडात गुंडाळून गाडीच्या टपावर बांधली, की रस्त्यावरचे लोक आदराने वागतात. खोपोलीजवळ एका म्हाताऱ्याने टोपी काढून हात जोडले. पेणच्या बाजारात दोन रिक्षावाल्यांनी गाडीला वाट करून दिली. एकाने हळूच विचारले, कुठे न्यायचंय? मी म्हणालो, रोह्याला, नदीवर. त्याने मान हलवली.

जयश्रीचे माहेर पेणच्या खाडीकडच्या अंगाला, खारेपाटात आहे. तिची आई ऐन तरुणपणी मिठागरात डोक्यावर टोपली घेऊन बांधावरून चालली आणि आता अंगणात बसून पोह्याचे पापड लाटते. जयश्रीचा नवरा डोलवीच्या कंपनीत कंत्राटी कामाला, त्या आठवड्यात त्याची पहिली शिफ्ट. जयश्री दोन दिवस रजेवर, आईला हात द्यायला आली होती. मी पोचलो तेव्हा सगळे अंगण पापडांनी भरलेले, आणि पाय ठेवायला जागा शोधत मी चवड्यांवर उभा. आई हसून म्हणाली, "जयश्री गो, पाव्हन्यांना आत घे, नायतर पापडावर नाचतील."

जेवायला जिताडा होता. खाऱ्या जमिनीतल्या तळ्यात वाढलेला हा मासा इकडे कोणालाही वाढत नाहीत. कामाचा अधिकारी, व्याही किंवा ज्याच्याशी पुढे संबंध ठेवायचा असा माणूस, अशांसाठी तो तळ्यात राखलेला असतो. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करतात तो तोंडाने. इथे आग्रह तळ्यात सहा महिने पोसतात. मी तीन तुकडे खाल्ले, तांदळाच्या दोन भाकऱ्या खाल्ल्या, आणि त्या जेवणानंतर कोणतीही गोष्ट मला अशक्य वाटेना.

तेव्हाच फळी मुकाट्याने उतरवून दिली असती, तर निभावले असते. पण जयश्रीच्या मामांची, धर्मामामांची, पेण गावात मूर्तिशाळा आहे आणि जयश्रीला त्यांना भेटायचे होते. मी म्हणालो, फळी तिथेच देऊ, सगळ्यांसमोर.

फेब्रुवारीतली मूर्तिशाळा पाहण्यासारखी असते. गणपती यायला अर्धे वर्ष असते, आणि शेकडो गणपती आधीच पांढरे, बिनडोळ्यांचे, रांगेत बसलेले असतात. धर्मामामा डोळ्यांची आखणी करतात. सत्तरीचे आहेत, हात कापतो, पण ब्रश धरला की कापत नाही. मी एका मोठ्या मूर्तीखालचा लाकडी पाट पाहत होतो. मूर्तीच्या मानाने तो मला अंमळ बेढब, फार रुंद वाटला. तसे बोललो.

मामा म्हणाले, "उंची गिऱ्हाईक ठरवतं, साहेब. पाट आमी ठरवतो. गिऱ्हाईक मूर्ती दुकानात बघतं. दुकानात सगल्याच उभ्या रातात. पाट करायचा तो जाताना लागंल तेवढा. चौघं उचलनार, त्यातले दोघं दमलेले, पायाखाली चिखल, नि पानी ओढतंय. त्या टायमाचा पाट."

फळीच्या रुंदीबद्दल सहा महिन्यांत मी जे वाचले होते, त्यात इतके नेमके वाक्य एकही नव्हते. मी ते वहीत लिहून घेतले. मग वही खिशात घातली, नारळ हातात घेतला आणि माझे वाक्य म्हटले.

त्या वाक्यापुढे आणखी बरीच वाक्ये होती. मिठागराच्या फूटभर बांधावरून डोक्यावर भार घेऊन चालणाऱ्या आईच्या लेकीला तेवीस इंच म्हणजे हमरस्ताच, असे मी म्हणालो. लोकांना ते आवडले. जयश्री मात्र खालच्या आवाजात म्हणाली, "बांध हालत नाय, काका." ते फक्त मला ऐकू आले, आणि मी ते ऐकले नाही.

ती फळीजवळ गेली, वाकली, पाय घसरू नये म्हणून फळीवर चिकटवलेल्या रबरावरून हात फिरवला, जरा थांबली, आणि सरळ उभी राहून मला नमस्कार केला. आईने हळद-कुंकू लावले, खाडीवर नवी होडी उतरवताना लावतात तसे. मामांनी ब्रश मागवला आणि फळीच्या टोकाला दोन डोळे आखले. आखणीला दहा मिनिटे लागली. डोळे उघडल्यावर फळी आमच्याकडे पाहू लागली, आणि मला अतिशय बरे वाटले. हे सोहळे मला एरवी सोसत नाहीत. पण न सोसणारे सोहळे दुसऱ्यांचे असतात, हे मी तेव्हा लक्षात घेतले नव्हते.

कोलाड, शनिवार

नागोठण्यावरून आम्ही त्याच संध्याकाळी कोलाडला पोचलो होतो. शनिवारी सकाळी सहाला सराव.

कुंडलिकेचे एक वेळापत्रक आहे. वरच्या वीजघरातून रोज सकाळी पाणी सोडतात. ते खाली पोचेपर्यंत नदी आरशासारखी पडलेली असते. पोचले की तिला जाग येते, आणि गावोगावच्या तराफेवाल्यांचा दिवस सुरू होतो. त्या आरशावर जयश्री काळ्या फळीवर उभी राहिली. एकदाही पडली नाही. पहिल्या पाच मिनिटांत तिचे पाय थरथरताना मी पाहिले, मग थरथर थांबली, आणि तिने ठरलेला फेरा मारला. मी किनाऱ्यावरून वेळ घेतली. अठ्ठावीसवरच्या तिच्या नेहमीच्या वेळेपेक्षा ती चाळीस सेकंद लवकर आली. मी वहीत आकडा लिहिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. मामांचे वाक्य त्याच पानावर, जरा वर होते.

मी आकडा दाखवला. ती नदीकडे बघत होती.

"आता पानी झोपलंय, काका."

मी म्हणालो, शर्यतही सकाळचीच आहे की. पत्रिकेत साडेसात आहे.

"व्हय," ती म्हणाली. "पत्रिकेत साडेसात हाय."

तीस वर्षे मी कॉलेजच्या समारंभांना हजर राहिलो आहे. साडेसात या शब्दाचा अर्थ मला इतर कोणापेक्षा अधिक ठाऊक असायला हवा होता.

त्या दिवशी ती पुन्हा पाण्यात उतरली नाही. कॅम्पवर चाळीस माणसांचे जेवण होते. मी ओट्याशी उभा राहून वालाचे बिरडे सोलायला मदत केली, म्हणजे तिने मूठभर सोलले तेवढ्यात मी चार सोलले. खिडकीतून नदी दिसत होती, वरचे पाणी येऊन भरलेली, फेसाळ. तिच्यावर रंगीत टोपीतली माणसे ओरडत चालली होती. जयश्री त्यांच्याकडे अधूनमधून बघायची आणि हाताखालचा वाल न बघता सोलायची.

रोहा, रविवार

सातला आम्ही घाटावर हजर होतो. नदी झोपलेली होती. मांडव, फेटे, पांढऱ्या कापडातल्या खुर्च्या आणि ध्वनिक्षेपक जागे होते. साडेसातला सूत्रसंचालकाने सांगितले, की प्रमुख पाहुणे निघाले आहेत. साडेआठला तेच सांगितले. सव्वानऊला ते आले. मग दीपप्रज्वलन झाले, वाऱ्याने ज्योत तीनदा विझली, तीनदा लावली. त्यानंतर सत्कार झाले. ज्यांनी सत्कार केले त्यांचेही सत्कार झाले. एका गृहस्थांना दोन शाली मिळाल्या. मग पाहुण्यांनी पाण्याचे महत्त्व सांगितले. ते बोलत असताना त्यांच्या पाठीमागे पाणी चढत होते.

मी मनात टिंगल करत होतो, आणि ती चांगली चालली होती. मध्येच लक्षात आले, की माझ्याही हातात दोन दिवसांपूर्वी नारळ होता.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी बायकांच्या गटाला हाक मारली. तोपर्यंत वरचे पाणी रोह्याला पोचले होते, खाडीकडून वारा सुटला होता, आणि दोघांची मध्यावर गाठ पडून नदीवर आखूड, उलटसुलट लाटा उठत होत्या. तेवीस इंचांचे पाणी ते नव्हतेच. मी धावत जयश्रीकडे गेलो. कॅम्पची अठ्ठावीस इंची फळी माझ्यासाठी आणलेली, तिथेच पडली होती. म्हणालो, ही घ्या, ती राहू द्या.

ती मांडवाकडे बघत होती. पहिल्या रांगेमागे धर्मामामा उभे होते, इस्त्रीच्या सदऱ्यात. शेजारी आई, डोक्यावरून पदर. त्या दोघांनी पहाटेची एसटी धरली होती.

"कुंकू लावलंय तिला," जयश्री म्हणाली. "मामानं डोले उघडलेत. तिला काठावर ठेवून दुसरीवर कशी उभी राहू? नि तुमी बोललात ना सगल्यांसमोर."

मी म्हणालो, बोललो ते विसरा.

"तुमी विसराल. ते नाय विसरनार."

मामा लांब होते, पण त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग पाण्याकडे, मग फळीकडे, बाजूने, पाटाकडे बघावे तसे. मामांनी नजर खाली वळवली.

नऊ जणी सुटल्या. जाताना वारा तोंडावर होता, लाट समोरून येत होती, आणि जयश्री सर्वांच्या पुढे निघाली. वळायची खूण म्हणून नदीत सोडलेल्या नारिंगी पिंपापर्यंत ती पहिली होती. हे लिहून ठेवायला हवे, कारण निकालाच्या कागदावर ते नाही. पिंपाला वळसा घालताना लाट बाजूने लागली. ती पडली. चढली, उभी राहिली, चार हात मारले, पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा दोघी शेजारून गेल्या. त्यांतली एक दारासारख्या रुंद फळीवर पाय फाकून, घाईगर्दी न करता, बाजाराला निघाल्यासारखी चालली होती. ती तिसरी आली. जयश्री चौथ्यांदा पडल्यावर उभी राहिली नाही. गुडघ्यांवर बसून वल्हवत आली. पाचवी.

बाहेर येऊन तिने वेणी पिळली. मग पदर नव्हता म्हणून बाहीने फळीचे डोळे पुसले. रंग पक्का होता. मला म्हणाली, "काका, तुमचा गट हाय आता. अठ्ठावीस घ्या. गुडघे सैल."

मी गेलो, कारण तिने सांगितले. अठ्ठावीस इंच माझ्याखाली जिन्याच्या पायरीसारखे पडून राहिले. पन्नाशीपुढच्या गटात आम्ही तिघे होतो. त्यांतल्या एकाला चक्कर आली म्हणून त्याला बोटीत घेतले. मी दुसरा आलो. प्रमुख पाहुण्यांनी माझ्या गळ्यात पदक घातले आणि या वयातली माझी जिद्द तरुणांनी घ्यावी असे सांगितले. टाळ्या झाल्या. धर्मामामांनीही वाजवल्या. खाली उतरल्यावर त्यांनी फक्त विचारले, जेवलात का?

परतताना मामा आणि आई मागे बसले होते, दोघांनाही डुलकी लागलेली. मी जयश्रीला खरे सांगितले. की ती फळी मला नकोशी झाली होती. की मी तिच्यावर एकदाही नीट उभा राहू शकलो नव्हतो. की मी दान केले नव्हते, अडगळ काढली होती.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "पेनलाच समजलं. उभं राहन्याच्या जागी रबर नवं होतं. मधे, गुडघे टेकायच्या जागी झिजलेलं."

मग घेतलीत कशाला, असे मी विचारले.

तिने मागे वळून मामांची मान सरळ केली. "पाव्हन्यानं घरात येऊन हातानं दिलेलं परत करतात का? जेवला होतात तुमी."



नंतर

मी कॅम्पच्या मालकाला फोन केला. चूक जयश्रीची नाही, रुंदीची आहे, आणि रुंदी मी निवडली, असे सांगितले. तो सभ्य माणूस आहे. म्हणाला, सर, मला समजतं, पण तिघींत म्हणजे तिघींत. बाकीच्या पोरींना काय सांगू? पुढच्या वर्षी बघू. जयश्री चुलीपुढे आहे. दुपारची भांडी झाली की अजून पाहुण्यांना पाण्यावर नेते, अठ्ठावीसवर.

फळी निवडायची असेल त्याने काय करावे, हे मला आता बरेच जण विचारतात. स्वतःचे खरे वजन सांगावे. सकाळच्या पाण्यावर उभे राहून ठरवू नये. शर्यतीतल्या सर्वांत वाईट पाच मिनिटांना पुरेल एवढी रुंदी घ्यावी, आणि कार्यक्रमात भाषणे असतील तर आणखी दोन इंच. दुसऱ्यासाठी निवडू नये. निवडलीच, तर नारळ आणू नये.

एप्रिलमध्ये पुन्हा पेणला गेलो. फळी परत मागायचा विचार होता, विकून तिच्या जागी रुंद घेऊन द्यावी म्हणून. आईने ऐकूनही घेतले नाही. कुंकू लावलेली वस्तू घरातून जात नाही. पण ती रिकामीही ठेवलेली नाही. अंगणात विटांच्या दोन थरांवर आडवी मांडली आहे, आणि तिच्यावर पापड वाळतात. जमिनीपासून उंच असल्यामुळे माती लागत नाही, आणि काळी असल्यामुळे ऊन चांगले धरते. डोळ्यांवर काही घालत नाहीत. तेवढा टोकाचा दीड फूट मोकळा सोडतात.

तेवीस इंचांत पोह्याचे पापड आडवे तीन बसतात. चौथा पडतो.